वहीच्या समासातली नावं

१९७९ साली एका गायन स्पर्धेचा अर्ज मी भरला. राग, ताल, बंदिशीचे बोल आणि रचनाकार असे चार रकाने होते. पहिले तीन भराभर लिहिले. चौथ्यात क्षणभरही विचार न करता 'पारंपरिक' लिहिलं, कारण सगळे तेच लिहीत. राग होता जोगकंस. अर्जावर गुरूंची सही लागायची म्हणून रविवारी सकाळी तो बुवांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि सही न करता खाली ठेवला.

"माझ्या तरुणपणी हा रागच नव्हता," ते म्हणाले. "ज्यांनी तो केला, त्यांच्या पुढ्यात तंबोरा धरून बसलोय मी. आणि तू पारंपरिक लिहितेस?"

मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, तो शब्द खोडला आणि वर आपल्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं: पं. जगन्नाथबुवा पुरोहित, 'गुणिदास'. सही केली. मी गाऊन आले, उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. पण त्यानंतरचे दोन रविवार बुवांनी मला गाऊ दिलं नाही. "वही घेऊन ये," एवढंच सांगितलं.

निळ्या पुठ्ठ्याची ती दोनशे पानी वही अजून माझ्याजवळ आहे. तेव्हा तिच्यात चार वर्षांच्या तालमीच्या एकशे अठरा चिजा होत्या. बुवा 'बंदिश' क्वचितच म्हणत, त्यांच्या तोंडी 'चीज' हाच शब्द असे. प्रत्येक चिजेसमोर समासात तिच्या कर्त्याचं नाव लिहायचं, हे मला नेमून दिलेलं काम. "कुठून शोधू?" असं विचारलं तर म्हणाले, "रोज गातेस की. अंतरा नीट वाच."

मी अंतरे वाचायला बसले आणि लाज वाटली. शेवटच्या ओळीत, कधी शेवटून दुसऱ्या ओळीत, नाव उभं होतं. सदारंग. अदारंग. मनरंग. प्राणपिया. प्रेमपिया. दरसपिया. गुणिदास. चार वर्षं मी ही नावं तालात बसवून, त्यांच्यावर ताना घेऊन, समेवर आपटून गात होते. माझ्या लेखी ती फक्त अक्षरं होती. 'सदारंग' म्हणजे नेहमीचा रंग, होळीचं काहीतरी असेल, अशी माझी समजूत होती.

मराठी घरात वाढलेल्या मुलीला हे इतकं परकं वाटावं, याचं मला आजही वाईट वाटतं. आमच्या घरी दर एकादशीला भजन व्हायचं. 'तुका म्हणे' आलं की अभंग संपत आला हे पोरांनाही कळायचं. 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी', जनाबाईची 'नामयाची दासी' हे सगळं कानावरून रोज जात होतं. नाव शेवटी गुंफायची ही रीत आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली आहे. तरी ख्यालाच्या अंतऱ्यात तेच घडतंय हे मला कुणी दाखवेपर्यंत दिसलं नाही. अभंगातल्या तुकोबांना आपण माणूस म्हणून ओळखतो: देहू, इंद्रायणी, दुकान, बुडवलेल्या वह्या. चिजेतल्या नावामागे मात्र माणूस उभा करायची आपल्याला सवयच नाही.

सदारंग म्हणजे न्यामतखाँ. अठराव्या शतकातला दिल्लीचा बीनकार, १७१९ ते १७४८ या काळात गादीवर असलेल्या मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारातला. सांगतात असं की बीनकाराने गवयाच्या मागे बसून साथ करायची, ही दरबारातली रीत त्याला मानवली नाही, तो बाहेर पडला, टोपणनावाने ख्याल रचले आणि ते शागिर्दांना शिकवले. ते ख्याल बादशहाच्या कानावर गेले तेव्हा त्यांचा कर्ता कोण याची विचारणा झाली. कथा खरी असो नसो, तिच्यातला गाभा मला पटतो. ज्याला मागे बसायचं नव्हतं, त्याने आपलं नाव गाण्यात असं बसवलं की पुढच्या तीनशे वर्षांत कुणाला ते काढता आलेलं नाही. त्याच्या कित्येक रचनांत बादशहाचंही नाव त्याच्या नावाशेजारी येतं. आज मुहम्मदशाहाचं नाव रोज घेणारी जागा बहुधा आपल्या गायनशाळाच असतील. सदारंगाचं वजन पुढे इतकं वाढलं की दुसऱ्यांनीही आपल्या रचनांत त्याचं नाव घातलं. त्यामुळे माझ्या वहीतल्या चौदा 'सदारंग' चिजा सगळ्याच त्याच्या आहेत, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्यामागचा आदर तरी खरा आहे.

'पिया'वाली नावं बहुतेक आग्रा घराण्याची आणि त्यांच्या सोयऱ्यांची. अत्रौलीचे महबूबखाँ दरसपिया, फैयाजखाँ प्रेमपिया, विलायत हुसेनखाँ प्राणपिया, खादिम हुसेनखाँ सजनपिया. एका घरातल्या भावंडांना एकसारखी नावं ठेवावीत तशी ही नावं आहेत. बुवा म्हणायचे, मुद्रेवरून, म्हणजे चिजेत गुंफलेल्या नावावरून, घर ओळखता येतं. त्याच घराच्या तालमीत वाढलेल्या आमच्या श्रीकृष्ण तथा बबनराव हळदणकरांनी 'रसपिया' घेतलं, तेव्हा तेही त्या घरातले झाले. मैफलीत ते नाव आलं की माझ्यासारखीला मनोमन बरं वाटायचं.

या पियांच्या गोतावळ्यात जगन्नाथबुवांचं नाव वेगळं पडतं. १९०४ साली जन्मलेले, हैदराबादकडचे. विलायत हुसेनखाँसाहेबांची तालीम त्यांना मिळाली, तबला त्यांनी थिरकवाँखाँसाहेबांकडून घेतला. त्यांनी 'पिया' घेतलं नाही, 'दास' घेतलं. गुणी माणसांचा दास. ब्रज भाषेतल्या चिजेत हा शब्द आला की मला वारकरी कीर्तनाची आठवण होते. 'नामयाची दासी' म्हणणाऱ्या जनाबाईच्या पंक्तीला जाऊन बसणारं ते नाव आहे.

जगन्नाथबुवांच्या मैफली फार झाल्या नाहीत. कोल्हापुरात आणि मग मुंबईत त्यांनी आयुष्य शिकवण्यात घातलं. कुणाला शिकवलं ते पाहिलं की त्या आयुष्याचं माप कळतं: राम मराठे, सी. आर. व्यास, जितेंद्र अभिषेकी, माणिक वर्मा, यशवंतबुवा जोशी, वसंतराव कुलकर्णी, सुरेश हळदणकर. यांतले बरेचजण त्यांच्याकडे कोऱ्या पाटीने आले नव्हते. राम मराठ्यांवर मास्टर कृष्णरावांचे संस्कार होते, माणिकताईंवर सुरेशबाबू मान्यांचे. यशवंतबुवांकडे मिराशीबुवांची ग्वाल्हेरची शिस्त होती. व्यासबुवांनी गोविंदराव भाताम्ब्रेकरांकडून किराना आणि राजारामबुवा पराडकरांकडून ग्वाल्हेर घेतलेलं. अशा तयार गळ्यांना शिकवणं अवघड असतं. आधीचं पुसायला गेलं तर गळा मोडतो, काहीच न देता सोडलं तर शिकवणं वाया जातं. जगन्नाथबुवांनी प्रत्येकाला त्याच्या गळ्यात मावेल अशी चीज दिली. हे मी ऐकीव सांगत नाही. एकच राग या चौघांपाचजणांच्या ध्वनिमुद्रणांत लागोपाठ ऐकला तर कुणालाही कळेल. राम मराठ्यांकडे तो लयीला भिडतो, माणिकताईंकडे तोच गोड आणि आर्जवी होतो. यशवंतबुवांकडे शब्द न् शब्द स्वच्छ उमटतो.

जोगकंसाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण रचनाकार म्हणजे काय हे मला त्या रागाने शिकवलं. जोगात चढताना शुद्ध गंधार लागतो आणि खाली येताना मध्यमावरून कोमल गंधाराला स्पर्श करून षड्जावर यायचं असतं. हा कोमल गंधार नुसता लावून भागत नाही, तो मध्यमाच्या ओलाव्यासकट यावा लागतो. चंद्रकंसात वरच्या भागात मध्यम, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद अशी चढण असते. तो निषाद तार षड्जाच्या इतका जवळ असतो की ऐकणाऱ्याचा श्वास तिथे अडकतो. जगन्नाथबुवांनी खालचं अंग जोगाचं घेतलं आणि वरचं चंद्रकंसाचं. एवढं सांगितलं तर कुणालाही वाटेल, दोन राग शिवले की झालं. मीही घरी करून पाहिलं होतं. दोन सुरेख राग मी जोडले आणि शिवण दिसत राहिली, कारण जोगातून चंद्रकंसात कुठल्या स्वरावर जायचं हे मला ठाऊक नव्हतं. जोगकंसात तो सांधा मध्यमावर आहे. दोन्ही रागांचं ते घर आहे, तिथे थांबलं की पुढे कुठे जाणार हे ऐकणाऱ्याला कळत नाही. हे कुठल्याही आरोह-अवरोहात लिहिलेलं नसतं. ते चिजेत असतं. चिजेचा मुखडा कुठल्या मात्रेवरून उठतो, समेला कुठला स्वर येतो, अंतरा कुठल्या पायरीवरून वर चढतो, यांत रचनाकाराने रागाचा नकाशा काढून ठेवलेला असतो. आग्र्याच्या लोकांना समेकडे येण्याचा, आमदीचा, मोठा सोस. त्यांची चीज समेच्या आधीच्या दोन मात्रांत खरी कळते. म्हणून बुवा म्हणायचे, राग करणारे पुष्कळ झाले, पण ज्यांनी रागाबरोबर चीजही दिली त्यांचेच राग टिकले. चीज नसेल तर रागाला राहायला घर नाही.

नावाचीही एक गोष्ट सांगतात. जगन्नाथबुवा या रागाला आधी नुसतं कौंशीच म्हणत. बी. आर. देवधरांनी ऐकून त्यातला जोग ओळखला आणि नाव सुचवलं. ज्या रागाचं बारसं करणारा माणूस आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिलाय, त्याला मी 'पारंपरिक' लिहिलं होतं.

एवढा एक शब्द. पण तो सगळीकडे होता. ऐंशीच्या दशकात कॅसेट आल्या. माझ्याकडच्या एका कॅसेटच्या वेष्टणावर गायक, तबलजी, पेटीवाले, ध्वनिमुद्रक, छायाचित्रकार सगळ्यांची नावं होती आणि बंदिशीपुढे तोच शब्द. ती बंदिश प्राणपियांची होती, अंतऱ्यात नाव स्पष्ट गायलेलं होतं. गाणारा गळा नाव सांगत होता आणि कागद ते नाकारत होता. मी त्या वेष्टणावर शाईने नाव लिहून ठेवलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कॅसेटवर लिहीत गेले.

नाटकांच्या जुन्या पुस्तकांत याहून बरी रीत होती. माझ्या आजोबांच्या कपाटात संगीत नाटकांच्या प्रती होत्या. प्रत्येक पदावर राग, ताल आणि 'चाल' छापलेली असायची. चाल म्हणून ज्या मूळ गाण्यावरून पद बांधलं, त्याचे पहिले शब्द. १९१६च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, त्यामागे नथनखाँसारख्यांकडून त्यांनी मिळवलेल्या खानदानी चिजांचा साठा होता. पुस्तक उघडलं की पदाचा माग काढता येतो. पण तो माग चिजेपर्यंतच जातो, चिजेच्या कर्त्यापर्यंत जात नाही. पंडित भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांपुढे तर मी रोज हात जोडते. वकिली शिकलेल्या या माणसाने देश पालथा घालून, उस्तादांच्या दारात बसून, फोनोग्राफवर गाणी उतरवून जवळजवळ अठराशे चिजा सहा भागांत छापल्या. तेही मूळ मराठीत. मनरंगांच्या परंपरेतला खजिना त्यांनी जयपूरच्या महंमद अलीखाँच्या घरातून मिळवला. ते नसते तर माझ्या वहीतली निम्मी पानं कोरी राहिली असती. त्यांच्या स्वतःच्या रचनांत 'चतुर' ही मुद्रा आहे. तरीही त्या भागांत पानोपानी अशा चिजा आहेत ज्यांच्यापुढे कुणाचंच नाव नाही, कारण ज्याच्याकडून मिळाली त्यालाच ते माहीत नव्हतं.

गाणाऱ्याचं नाव मोठं आणि रचणाऱ्याचं लहान, हा आपल्याकडचा मूळचा क्रम नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे हिशेबाच्या खात्यात वरिष्ठ हुद्द्यावर शार्ङ्गदेव नावाचे एक गृहस्थ होते. आजोबा काश्मिरातून आलेले, स्वतः सिंघण राजाच्या पदरी. त्यांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात 'वाग्गेयकार' कोणाला म्हणावं याचं लक्षण आहे. वाक् म्हणजे शब्द आणि गेय म्हणजे स्वररचना, दोन्ही जो करतो तो वाग्गेयकार. शार्ङ्गदेवांनी त्यांना प्रतीही लावल्या आहेत. दोन्ही उत्तम तो उत्तम. स्वररचना चांगली पण शब्द कच्चे, तो मध्यम. शब्द सुंदर पण स्वररचना मंद, तो अधम. हा निवाडा मला फार आवडतो. हिशेबनीसाने केलाय म्हणूनही असेल, पण चोख आहे.

मी देवगिरीला दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेले ती केवळ शार्ङ्गदेवांसाठी. किल्ल्यावर त्यांची खूण सांगणारं मला काही आढळलं नाही. जनार्दनस्वामींची समाधी मात्र आहे. हे जनार्दनस्वामी त्या किल्ल्याचे अधिकारी, एकनाथ त्यांचे शिष्य. नाथांनी आपल्या नावापुढे कायमचं गुरूचं नाव जोडलं. समाधीपुढे बसले असताना मला एकदम व्यासबुवा आठवले.

चिंतामण रघुनाथ व्यास १९२४ साली उस्मानाबादला जन्मले. तेव्हा तो मुलूख निजामाचा, देवगिरीही त्यातच. घर संस्कृत पंडितांचं आणि कीर्तनकारांचं. मुंबईत आले, आधीच्या दोन घराण्यांची तालीम पचवून जगन्नाथबुवांकडे गेले आणि स्वतः रचू लागले. दोनशेंहून अधिक चिजा केल्या, धनकोनी कल्याणासारखे राग दिले, १९८४ साली 'राग सरिता' हे पुस्तक आलं. या सगळ्या रचनांत त्यांनी मुद्रा घेतली 'गुणिजान'. गुरू गुणिदास, शिष्य गुणिजान. नाथांनी जे उघड केलं तेच इथे एका शब्दात आहे: स्वतःचं नाव घेताना गुरूचं नाव घेतलंच जातं.

१९६८ साली जगन्नाथबुवा गेले. १९७७ साली व्यासबुवांनी 'गुणिदास संगीत संमेलन' सुरू केलं.

आपल्याकडचे पुष्कळ संगीत महोत्सव पुण्यतिथीतून उगवलेले आहेत. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ गवई येऊन गातात. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि वर्षभरातच पुण्यात त्यांच्या शिष्यांनी सुरू केलेला उत्सव आज सगळ्या देशाला ठाऊक आहे. श्राद्धाच्या दिवशी जेवू घालण्याऐवजी गाऊ घालायचं, अशी ही चाल. पण ज्यांच्या नावाने हे उत्सव, ते आपापल्या काळी लोकांनी डोक्यावर घेतलेले गवई होते. गुणिदास संमेलन माझ्या दृष्टीने निराळं ठरतं, कारण ते ज्याच्या नावाने आहे त्याला बहुतेक श्रोत्यांनी कधीच ऐकलेलं नव्हतं. त्याच्या हातच्या चिजाच काय त्या ऐकल्या होत्या, त्याही दुसऱ्यांच्या तोंडून. रचणाऱ्याचं नाव फलकावर मोठ्या अक्षरांत आणि गाणाऱ्यांची नावं त्याखाली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलं.

१९८१ची गोष्ट असावी. कचेरीतून निघाले ती थेट ठाण्याहून गाडीने दादर आणि तिथून पुढे. बुवा बरोबर होते. त्यांना सतरंजीवर बसवत नव्हतं म्हणून मागच्या रांगेत खुर्ची घेतली. व्यासपीठावर जगन्नाथबुवांचा फोटो, त्याला हार. कुणी काय गायलं हे मी आज नेमकं सांगितलं तर ती आठवणीशी बेइमानी होईल, पण बुवांचा हात आठवतो. अंतऱ्यात गुरूंचं नाव आलं की मांडीवर ताल देणारा त्यांचा हात थांबायचा आणि कपाळाकडे जायचा. मी आजूबाजूला पाहिलं. आमच्या रांगेत निदान सहाजणांचे हात तसेच वर गेले होते. कानाच्या पाळीला, छातीला, कपाळाला. वारीत 'तुका म्हणे'ला लोकांच्या माना हलतात, तसं. त्या संध्याकाळी मला उलगडलं की अंतऱ्यातलं नाव ही नुसती सही नाही. ती रचणाऱ्याने मागे ठेवलेली खुर्ची आहे आणि तो प्रत्येक मैफलीला येऊन तिच्यावर बसतो.

संमेलनात फक्त जगन्नाथबुवांचंच गाणं झालं, असं नाही. ते तसं ठेवलं असतं तर त्याचं देवघर झालं असतं. सगळ्या घराण्यांचे लोक येऊन आपापलं गायले-वाजवले. मला हे योग्य वाटतं. 'गुणिदास' या नावाचा अर्थच तो आहे. शिवाय इतरांच्या सहवासातच रचनाकाराची चीज नीट कळते. सदारंगानंतर लगेच गुणिदास ऐकला की दोनशे वर्षांचं अंतर कानाला दिसतं आणि पुढच्याच क्षणी ते मिटतंही.

त्या पिढीने रंगभूमीवर काय केलं, तेही मला इथेच जोडून दिसतं. १९६३च्या 'मंदारमाला'ला राम मराठ्यांनी संगीत दिलं. १९६४च्या 'मत्स्यगंधा'पासून अभिषेकीबुवांनी नाट्यसंगीताची घडणच बदलली. १९६७ साली त्यांचंच 'कट्यार काळजात घुसली' आलं. तोवर नाटकातलं पद म्हणजे बव्हंशी आधीच्या चिजेची चाल. या दोघांनी स्वतंत्र रचना केल्या, शब्दांच्या वळणाने आणि प्रसंगाच्या गरजेने. दोघेही एकाच गुरूकडे चीज कशी बांधतात हे पाहत बसलेले होते. नाट्यसंगीताच्या इतिहासात हा धागा ठळक लिहिला जावा असं मला मनापासून वाटतं. अभिषेकीबुवांनी अझमत हुसेनखाँसाहेबांकडूनही घेतलं. हे खाँसाहेब चिजांत 'दिलरंग' आणि उर्दू शायरीत 'मैकश'. एका माणसाला दोन कलांसाठी दोन मुद्रा. बुवांनी हे सांगितलं तेव्हा मी ते समासात दोन रंगांनी लिहून ठेवलं होतं.

बुवा गेल्यावर मी संमेलनाला एकटी जाऊ लागले. २००२च्या जानेवारीत व्यासबुवा गेले. त्यांच्या मुलांनी संमेलन चालू ठेवलं. सुहास गातात, सतीश संतूर वाजवतात. आमच्या ठाण्यात तोवर राम मराठ्यांच्या नावाने महोत्सव भरू लागला होता. गुरूच्या नावाचं एक संमेलन, शिष्याच्या नावाचं दुसरं. दोन्हीकडे निवेदक आता बहुधा रचनाकाराचं नाव घेतात. ऐंशी साली घेत नसत. कुठलाही नियम झाला नाही, कुणी ठराव केला नाही. रामाश्रेय झा 'रामरंग', रातंजनकर 'सुजान', दिनकर कैकिणी 'दिनरंग' ही नावं माइकवरून ऐकू येतात तेव्हा मी अजूनही पर्समधून पेन काढते.

माझ्या वहीचं काय झालं ते सांगते. पहिल्या दोन रविवारी एकशे अठरापैकी एकसष्ट चिजांची नावं अंतऱ्यातच सापडली. उरलेल्या सत्तावन्नांत मुद्रा नव्हती. त्यांतल्या एकोणीस बुवांना ठाऊक होत्या, काही त्यांच्या गुरुबंधूंनी सांगितल्या. भातखंड्यांच्या भागांत आणि विलायत हुसेनखाँसाहेबांच्या १९५९च्या आठवणींच्या पुस्तकात धागेदोरे मिळाले. काही संमेलनाच्या मध्यंतरात, चहाच्या रांगेत. तिथे एखादे वृद्ध गृहस्थ 'कुणाकडे शिकता' असं विचारतात, मग मी वहीतली ओळ हळूच गुणगुणून दाखवते आणि ते पुढची ओळ म्हणतात. पुष्कळदा वेगळ्या पाठाने. तो पाठही मी खाली लिहून घेते, तारीख घालून.

आता अकरा कोऱ्या आहेत. त्यांतली एक बिहागड्यातली, झपतालात. बुवांनी ती मला पावसाळ्यातल्या एका दुपारी, दिवे गेलेले असताना शिकवली होती. कुणाची म्हणून विचारायचं राहून गेलं, आणि त्यांच्या कुठल्याही गुरुबंधूला ती येत नव्हती. माझ्याकडे आता दोन मुली शिकायला येतात. धाकटीला मी तीच सांगतेय. तिने वहीत बोल लिहून घेतले, समासात रेघ मारली आणि विचारलं, "इथे काय लिहू?" मी तिला जागा सोडायला सांगितली, आणि यंदाच्या संमेलनाला येताना वही बरोबर घ्यायला.